काकींना झोप लागली ते इंजिन

“थांबा, दातांना इचारतो,” असं म्हणून जॉबरकाका स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या यंत्रावर टेकवायचे, त्याची लाकडी मूठ दातांत धरायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. यंत्र कुठलंही चालायचं. आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप, तळमजल्यावरच्यांचं वॉशिंग मशीन, एकदा तर माझी स्कूटी. अर्ध्या मिनिटानं डोळे उघडून निकाल द्यायचे, “बेअरिंग चाललंय. दिवाळीपावेतो टिकंल.” दिवाळी झाली की ते बेअरिंग जायचं. मग आम्ही आधी त्यांचं ऐकलं नाही म्हणून एकमेकांवर चिडायचो.

दातांना विचारण्याचं कारण म्हणजे त्यांचे कान. पस्तीस वर्षं ते भिवंडीतल्या यंत्रमागाच्या एका शेडमध्ये जॉबर होते. लूम बिघडला की जॉबर येतो आणि तो पुन्हा चालता करतो. चाळीस लूम एकदम चालू असलेल्या शेडमध्ये तुम्ही कधी पाच मिनिटं उभे राहिला असाल, तर पस्तीस वर्षांनी कानांचं काय होतं ते मी सांगायला नको. समोर उभं राहून ओठ नीट हलवले की काकांना सगळं कळायचं. पण यंत्राला ओठ नसतात. हाडांमधून आवाज आत पोचतो हे मी नववीच्या मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवते. काकांना ते कुणीच शिकवलं नव्हतं.

काकीही त्याच शेडमधल्या. सुताच्या कांड्या भरायच्या मशीनवर त्यांनी वीस वर्षं काढली. त्या गोंगाटात तोंडानं बोलून उपयोग नसतो, म्हणून तिथली माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात. शेड सुटली तरी या दोघांची ती सवय सुटली नाही. काल्हेरला आमच्या इमारतीच्या मागंच त्यांचं बैठं घर, आणि माझी गॅलरी बरोबर त्यांच्या अंगणावर. दोघांची कडाक्याची भांडणं मी वरून पाहिली आहेत आणि एक शब्द ऐकलेला नाही. बोटं नाचायची, भुवया चढायच्या, काकी पदर खोचून काहीतरी फार लागट बोलायच्या आणि काका पाठ फिरवायचे. पाठ फिरवली की बोलणं संपलं, कारण मग दिसायचंच नाही. इतका सोयीचा संसार मी दुसरा पाहिला नाही.

तीनेक वर्षांपूर्वी काकी आमच्या इमारतीच्या जिन्यावरून पडल्या. कण्याचं ऑपरेशन झालं. हळूहळू घरातल्या घरात चालू लागल्या, पण डॉक्टरांनी बजावलं की धक्का नको, हिसका नको. भिवंडीत राहणाऱ्या माणसाला धक्का नको म्हणून सांगणं म्हणजे उंबरा ओलांडू नको म्हणण्यासारखंच आहे.

काकींचं माहेर खाडीच्या खालच्या अंगाला, खारबावच्या पुढं. अंजूरफाट्यावरून चिंचोटीकडं जाणारा रस्ता तुम्ही पाहिला असेल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. पाहिला नसेल तर सुखी आहात. कंटेनरच्या मागं कंटेनर, मध्ये खड्डे आणि वर धूळ. ऑपरेशननंतर एकदा काकांनी गाडीत गादी घालून त्यांना न्यायचा प्रयत्न केला. अंजूरफाट्यापर्यंतच पोचले. परत आणलं तेव्हा काकींच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं आणि काका गाडीला टेकून लहान मुलासारखे रडत होते.

माहेरी काकींची आई होती. नव्वदीच्या पुढची, अंथरुणाला जवळजवळ खिळलेली, पण जीभ शाबूत. थोरली लेक दोन वर्षं आली नाही, म्हणजे ती गेली आणि घरचे आपल्यापासून लपवताहेत, असं तिनं पक्कं धरलं होतं. भाच्यांनी व्हिडिओ कॉल लावून दिला. काकी पडद्यावर हसल्या, रडल्या, हाका मारल्या. म्हातारीनं फोन बाजूला सारला आणि म्हणाली, “फोनात तं मेलेली मानसापन हसतात.” त्या दिवसापासून तिनं एक वेळचं जेवण सोडलं. लेकीचं सुतक पाळते म्हणाली.

हे ऐकल्यावर काकींनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी काका अंगणात आले, वर माझ्याकडं पाहून ओरडले, “टीचर, रस्ता फुटलाय. पानी फुटलंय का?”

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं आणि मी कपाळाला हात लावला. काकांचे वडील याच खाडीत होडी चालवायचे. आता त्या शेतांवर गोदामं झाली, होड्या कुठल्या कुठं गेल्या, पण पाणी होतं तिथंच होतं. काल्हेरच्या धक्क्यावरून थेट काकींच्या माहेरच्या धक्क्यापर्यंत, एकही खड्डा नाही.

पण साधी होडी चालणार नव्हती. काकींना आडवं पडून जायला हवं, वर छप्पर हवं, आणि ओहोटीत अडकलो तर सहा तास काढता यायला हवेत. म्हणून काकांनी होडीवर घरच बांधायला घेतलं. गोदामांतून निळे पिंप आले, मालाच्या पेट्यांचं प्लायवूड आलं. चार महिने अंगणात ठोकाठोक चालली. पिंपांचे दोन लांब तराफे, त्यांवर फळ्या, फळ्यांवर दहा फुटांची खोली. खोलीला दोन खिडक्या, एक पलंग, मागं पडदा लावून संडासाची सोय. बुडू न देणारी लाइफ जॅकेटं खुंटीला टांगली. परवानगीच्या कागदांसाठी काकांनी ज्या खेपा घातल्या त्यांत नवी होडी बांधून झाली असती. आमच्या सोसायटीतले लोक गॅलरीत उभे राहून हसायचे. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मीही हसले.

घर झालं. आता त्याला मागून ढकलणारं इंजिन हवं होतं, आणि इथं काकांनी मला ओढलं. विज्ञान शिकवणारीला इंजिन कळतं अशी त्यांची समजूत. मलाही ती मोडवेना. मी वही काढली, रकाने आखले. वजन, वेग, अश्वशक्ती, किती पाणी कापायचं. पाहिल्यावर कुणालाही वाटावं, बाई जहाजं बांधतात.

पहिलं इंजिन मीच सुचवलं, बॅटरीवर चालणारं. धूर नाही, आवाज नाही, थरथर नाही. काकींच्या पाठीला याहून चांगलं काय असणार! गोदामातल्या क्रेननं घर पाण्यात सोडलं, मोटर मागं लटकवली आणि आम्ही ओहोटीबरोबर निघालो. काय छान गेलो! मी मनातल्या मनात शाळेतल्या प्रदर्शनात हे मांडूनही टाकलं. मग काकांनी घर वळवून ओहोटीच्या उलट लावलं. मोटर गुणगुणत राहिली आणि आम्ही उलट्या दिशेनं, पाठमोरे, खाली समुद्राकडं जायला लागलो. एका मच्छीमारानं दोर टाकून ओढून आणलं. काकांनी मोटर उतरवली. फक्त म्हणाले, “सभ्य हाय बिचारी. पन लूमचा धोटा हिकडून तिकडं मारायला सभ्य मानूस चालत न्हाय.”

दुसरं इंजिन मुंबईच्या बंदराजवळच्या दुकानात पाहिलं. चार स्ट्रोकचं, एका सिलिंडरचं, नवंकोरं, पांढरंशुभ्र. दुकानदारानं पाण्याच्या टाकीत चालू करून दाखवलं. बोललेलं ऐकू यावं इतका हळू आवाज. माझ्या वहीतले सगळे रकाने त्यानं भरले. मी काकांकडं पाहिलं तर ते खाली वाकून स्क्रूड्रायव्हर दातांत धरून बसलेले. दुकानदाराला वाटलं फेफरं आलं. तो पाणी आणायला धावला.

“ओ अंकल, ये एकदम सायलेंट है,” तो परत येऊन म्हणाला.

काकांनी मूठ तोंडातून काढली. “कानाला सायलेंट है. हाड को पूछो.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “हळू चालवला की धडधडतंय, टीचर. एकच सिलिंडर हाय ना. एका पायावर उड्या मारल्यावानी.”

मला काही ते जाणवलं नाही. मी नाक मुरडलं, हट्टच धरला, आणि शेवटी दुकानदारानं आठवडाभर वापरून पाहायला ते दिलं. काकींना पलंगावर झोपवून आम्ही धक्क्याजवळच एक फेरी मारली. पाठीत कळ आली तर हात वर करायचा असं ठरलं होतं. पहिली पाच मिनिटं ठीक गेली. धक्क्याला लागताना काकांनी वेग कमी केला आणि काकींचा हात वर आला. ओठ दाताखाली धरलेला, डोळ्यांत पाणी. मी वही मिटली आणि त्यानंतर उघडली नाही.

तिसरं इंजिन काकांनी स्वतः शोधलं. एका ओळखीच्या मच्छीमाराच्या पडवीत चादरीखाली झाकून ठेवलेलं, दोन सिलिंडरचं, दोन स्ट्रोकचं, रंग उडालेलं. त्यांनी ते अंगणात आणलं, पिंपात पाणी भरून त्यात उभं केलं आणि दोरी ओढली.

काय सांगू तुम्हाला! निळा धूर आमच्या गॅलरीपर्यंत चढला. आवाज असा की भांड्यांच्या मांडणीवरचे पेले वाजायला लागले. सोसायटीतल्या बायका कानांवर ओढण्या घेऊन बाहेर आल्या, वॉचमन धावत आला, कुणाचं तरी बाळ किंचाळायला लागलं. मी गॅलरीतून दोन्ही हात हलवून “बंद करा” म्हणत होते. काका पिंपाशी वाकलेले. दातांत मूठ, डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर एखाद्या कीर्तनात बसल्यासारखं समाधान. मग त्यांनी डोळे उघडले, वर पाहिलं आणि बोटांनी मला सांगितलं, गप हाय. एकदम गप.

मी तरातरा खाली गेले. त्यांच्या तोंडासमोर उभी राहिले आणि ओठ ताणून ताणून म्हणाले, “काका, हे आख्ख्या ठाणे जिल्ह्यात ऐकू जाईल! तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्हाला ते गप वाटतंय!”

माझ्या तोंडून गेलं ते गेलं. काकांचा चेहरा क्षणभर उतरला. मला जिभेला चटका बसल्यासारखं झालं. मग ते शांतपणे म्हणाले, “खरं हाय तुमचं. मना ऐकू येत न्हाय. पन झोपायचं कोनाला हाय? ती झोपंल, ती सांगंल.”

दुसऱ्या दिवशी ते इंजिन होडीला लागलं. बसवताना काकांनी त्याच्या पकडीखाली लूमच्या जुन्या बफरचं जाड चामडं दुमडून घातलं. धोट्याचे ठोके पस्तीस वर्षं ज्यानं झेलले तेच हेही झेलेल, असा त्यांचा हिशेब. काकी पलंगावर आडव्या झाल्या, मी शेजारी बसले, दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबून. वेगात एक फेरी झाली, हळू एक झाली. बोळ्यांवर मी हातही दाबून धरले होते. मी काकींच्या हाताकडं पाहत होते. हात वर येईना. आणखी एक फेरी झाली, धक्क्याला लागलो, तरी हात वर येईना. मी घाबरून वाकले. काकींचं तोंड किंचित उघडं होतं आणि पोट संथपणे वरखाली होत होतं.

काकी घोरत होत्या.

ऑपरेशनपासून ज्या बाईला दोन तास सलग झोप लागली नव्हती, ती त्या कानठळ्या बसवणाऱ्या गोंगाटात गाढ झोपली होती. वीस वर्षं मशीनवर काढलेल्या बाईला शांततेतच झोप येत नव्हती, हे माझ्या कुठल्या रकान्यात बसणार होतं? इंजिन बंद केलं तेव्हा त्या दचकून उठल्या आणि नवऱ्याला हातानं म्हणाल्या, बंद कशाला केलं?

“ठरला!” काका ओरडले. धक्क्यावरच्या मच्छीमारांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, अगदी मनापासून.

जायचा दिवस काकांनी तिथीवरून काढला. खाडीकाठची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात आणि भरतीची वेळ सांगतात. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळी नऊच्या सुमाराला भरती. भरती चढून थांबली की निघायचं, ओहोटीच्या पाठीवर बसून खाली जायचं आणि माहेरच्या धक्क्यावरचं पाणी उतरायच्या आत काकींना पायरीवर उतरवायचं. तिथं ओहोटीला गुडघाभर चिखल उघडा पडतो, आणि काकींना चिखलातून उचलून नेणं म्हणजे पाठ पुन्हा मोडणं. म्हणून वेळ गाठायलाच हवी होती.

पौषातल्या स्वच्छ सकाळी आम्ही निघालो. काकी पलंगावर, काका मागं इंजिनापाशी, मी मध्ये दारात. जॅकेट घातलेलं, कापूस दुप्पट. दोघा नवराबायकोंच्या गप्पा खिडकीतून चालू होत्या, अर्थात हातांनी. ती अमक्याची होती ती वाडी, तो तमक्याचा बांध. त्या गोंगाटात फक्त मीच मुकी होते. त्या दोघांना इतकं खुशीत मी गॅलरीतून कधी पाहिलं नव्हतं.

अर्ध्या वाटेवर इंजिनानं आचका दिला. गोदामांत खोक्यांना बांधतात ती प्लास्टिकची पट्टी पंख्याला गुंडाळली होती, चांगली दहा हात. काका पाण्यात उतरले, तिचा एकेक वेढा कापत बसले. ओहोटी आम्हाला झपाट्यानं खाली ओढत होती आणि काठावरचा ओला चिखल दर मिनिटाला रुंद होत होता. काकी खिडकीतून तो चिखल बघत होत्या. पट्टी सुटायला पाऊण तास गेला.

माहेरचा धक्का दिसला तेव्हा काकांनी हातातला वेग जिथवर जातो तिथवर नेला. उपयोग झाला नाही. धक्क्याच्या पायऱ्या कोरड्या होत्या. पायऱ्यांपासून पन्नास पावलांवर आमचे पिंप चिखलात रुतले आणि घर थांबलं. समोर माहेर, आणि मध्ये काळाभोर चिखल. काकांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. इंजिन बंद करायचंही त्यांना सुचलं नाही.

मी मान वर केली तर आख्खा गाव काठावर उभा. सकाळपासून खाडीतून काय आवाज येतोय ते बघायला सगळे कामं टाकून आले होते. अर्धा तास आधीपासून तो आवाज घराघरांत शिरला होता. आणि सगळ्यांच्या पुढं, लाल प्लास्टिकच्या खुर्चीत, शालीत गुंडाळलेली एक मूठभर म्हातारी बसली होती. मागाहून कळलं, तो आवाज ऐकून तिनंच विचारलं, “काय येतंय?” आणि कुणीतरी सांगितलं, “तुजा जावय होरी घेऊन येतोय.” तेव्हा तिनं अंथरुणातून पाय खाली टाकले होते.

मुलीला उचलता येत नव्हतं. आईला येत होतं! काकींचे चार भाचे खुर्चीचे चार पाय धरून चिखलात उतरले. गुडघ्यापर्यंत रुतत, एकमेकांना शिव्या घालत, हसत ते आले. म्हातारी वर, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरलेली, पालखीत बसल्यासारखी ताठ. त्यांनी खुर्ची सरळ आमच्या दारात टेकवली. मी तिला काखेत हात घालून आत घेतलं. वजन असं नव्हतंच.

ती पलंगाच्या कडेला बसली. काकींच्या गालावरून हात फिरवला, कानातलं चाचपलं, केस ओढून पाहिले. मग काकींचा दंड असा चिमटीत धरला की काकी “आये!” म्हणून ओरडल्या. म्हातारी तशीच वळली आणि काठाकडं तोंड करून, इंजिनाच्या वरताण आवाजात ओरडली, “हाय! माजी मोठी हाय!”

काठावर एकच गलका उठला. कुणी टाळ्या पिटत होतं, कुणी रडत होतं. मी तर दोन्ही करत होते. काकांनी तेवढ्यात कधीतरी इंजिन बंद केलं होतं. ते मागच्या बाजूला गुडघाभर पाण्यात होडीला धरून उभे होते आणि त्यांच्या दाढीतून पाणी गळत होतं. खाडीचं किती आणि त्यांचं किती, मी विचारलं नाही.

पाणी निघून गेलं. आता रात्रीच्या भरतीपर्यंत घर हलणार नव्हतं, आणि कुणाला हलवायचंही नव्हतं. चिखलातून फळ्या टाकून गावानं जेवण पाठवलं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कोलंबीचं कालवण. म्हातारी दोन भाकऱ्या जेवली. सुतक फिटलं म्हणाली.

भरती आल्यावर मी एका भाच्याच्या मोटारसायकलवरून घरी आले, त्याच रस्त्यानं. माझी पाठ चार दिवस धरली होती. काका-काकी दुसऱ्या दिवशीच्या भरतीला येणार होते. ते आले नाहीत. त्याला आता तीन महिने झाले. अंगण रिकामं आहे, दाराला कुलूप आहे, आणि सोसायटीच्या पंपाला काय झालंय ते सांगायला कुणी नाही.

परवा फोन केला. नेहमीप्रमाणे काकींनीच उचलला. मी विचारलं, “परत कधी येताय?”

“कशा येनार, टीचर? आये होरीतून उतरायला तयार न्हाय. रोज भरती आली की जावयाला म्हनते, ते चालू कर. सगल्या गावांना कळू दे, माजी मोठी आलीय.”

काकी आणखीही काही सांगत होत्या, पण पुढचं मला ऐकू आलं नाही. तिकडं भरती आली होती.